अंगणातला बुरांश आणि पहिला उंबरठा

लोहाघाटसारख्या पहाडी गावात राहून अंगणात बुरांश लावायचा म्हणजे ओढ्याकाठी घर बांधून पाणी विकत आणायचं. फागुन लागला की समोरचा डोंगर बुरांशच्या फुलांनी आपसूक लालभडक होतो. गवताला गेलेल्या बायका येताना ओचे भरून फुलं आणतात, त्यांचं सरबत होतं, चटणी होते, उरलेली पोरं एकमेकांच्या अंगावर फेकतात. अशा गावात कुणी म्हणालं की मला दारात एक बुरांश लावायचाय, तर लोक आधी त्या माणसाकडे बघतात आणि मग त्याच्या घरच्यांकडे, जरा कीव आल्यासारखे.

रेवती महराच्या घरच्यांकडे वर्षभर लोकांनी असं बघितलं.

दोष द्यायचाच तर सरोज पुनेठाला द्यायला हवा. ती समोरच्या घरात राहायची. मुलगे हल्द्वानीला, नवरा निवृत्त, आणि फाटकाशी एक बुरांश. छाटून छाटून तो तिने असा गोल ठेवला होता की झाड असूनही तो झुडूप वाटावा, आणि फुलला की लाल पागोटं घातलेला कुणी पाहुणा फाटकात उभा आहे असं वाटावं. जाणारा-येणारा थांबायचा. फोटो काढायचा. सरोज त्याला चहा विचारायची. सरोजचा सगळ्यात मोठा अवगुण हा की तिच्यात अवगुण नव्हता. रेवतीने ज्या चिकाटीने एम.ए. केलं त्याच चिकाटीने तो शोधला होता, मिळाला नव्हता.

तेही रेवतीने सोसलं असतं. पण गेल्या चैताच्या पहिल्या सकाळी, फूलदेईला, तिच्या पोटच्या पोरीने घात केला. त्या सकाळी मुलं फुलांच्या टोपल्या घेऊन दारोदार उंबरठ्यांवर फुलं घालतात, घरचे त्यांना तांदूळ-गूळ देतात. आधी आपला उंबरठा, मग शेजाऱ्यांचा, अशी रीत. पाच वर्षांच्या तन्नूने उठल्या उठल्या सरोजच्या फाटकाशी टोपली भरली आणि पहिली ओंजळ तिथेच, सरोजच्या उंबरठ्यावर वाहिली. मग सगळी गल्ली फिरून ती स्वतःच्या दारात आली तेव्हा टोपलीत प्योलीची चपटलेली पिवळी रानफुलं होती आणि एक जिवंत मुंगळा.

"मम्मी, तांदूळ," म्हणून तिने टोपली पुढे केली.

रेवतीने तांदूळ दिले. गूळही दिला. हसलीसुद्धा. मग स्वयंपाकघरात जाऊन कणकेचा गोळा असा काही मळला की त्या दिवशीच्या पोळ्या सासूबाईंनी दोनदा वाखाणल्या.

तन्नू तशीही दिवसभर तिकडेच असायची. बुरांशच्या फुलात मधाचा थेंब असतो तो चोखत त्या झाडाखाली बसायची आणि घरी येऊन, सरोजला काखी म्हणजे काकी म्हणत, सांगायची, "सरोज काखीची चटणी तुझ्यापेक्षा लाल असते." मूल शेजारी रमलं तर आई सुटली म्हणतात. असं म्हणणाऱ्या बायकांच्या शेजारी सरोज पुनेठा राहत नसावी. खिडकीतून रेवतीला तन्नूचं डोकं दिसायचं, आणि त्या डोक्यावरून फिरणारा सरोजचा हात. पोरगी पडेल, मुंग्या चावतील, ऊन लागेल, अशी प्रत्येक काळजी करून झाल्यावर तळाशी एकच उरायची: तिला तिकडे जास्त आवडतं.

तेव्हा रेवतीने ठरवलं. पुढच्या फूलदेईला तन्नूची टोपली आपल्या अंगणातल्या बुरांशने भरेल आणि पहिलं फूल आपल्या उंबरठ्यावर पडेल.

"टोपलीभर फुलंच हवीत ना? जंगलातून आणतो," नवरा म्हणाला. कुंदन महरा वीजखात्यात होता. कुठलीही अडचण म्हणजे पुरवठ्याची अडचण, आणि तार ओढली की ती मिटते, असं त्याचं मत.

"फुलं नकोत. झाड हवंय."

"मग सरोजदीदीकडून एक फांदी माग. ती दाबून ठेवली की मुळं धरते."

रेवतीने पातेल्यावर झाकण आपटलं. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं आणि कुंदनने कारण विचारलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली की माणूस शिकतो.

सरकारी रोपवाटिकेतल्या बाबूने तिला रोप दाखवलं. बोटाएवढं होतं.

"फुलं कधी येतील?"

"सगळं नीट झालं तर आठ-दहा वर्षांत."

रेवतीने हिशेब केला. तेव्हा तन्नू दहावीच्या आसपास असेल आणि टोपली घेऊन फिरायची लाजेल. "लवकर येणारं काही?"

"लवकर हवं तर झेंडू लावा," बाबू म्हणाला. त्याच्याकडे बहुतेक रोज एखादी रेवती येत असावी.

शेवटी कुंदनच्या ओळखीने भीमतालकडच्या एका खासगी माळ्याकडून कलमी बुरांश मागवला. कुंडीत वाढवलेला, कमरेएवढा, फुलायच्या वयाचा. तो भाड्याच्या जीपच्या टपावरून आला, एक गॅसचा सिलिंडर, कोबीची दोन पोती आणि एका बोकडासोबत. बोकड बांधलेला होता, पण मान बांधलेली नव्हती. जीप थांबली तेव्हा बुरांशची डावी बाजू जवळजवळ रिकामी होती आणि बोकडाच्या तोंडाला फेस आला होता. बोकडाचा मालक उलट रेवतीशीच भांडला, की बुरांशची पानं जनावराला विषारी असतात हे साधं ठाऊक नाही का, आणि असलं झाड बोकडाशेजारी ठेवायची अक्कल कुणाची. शेवटी रेवतीनेच बोकडाला गूळपाणी पाजलं. तो जगला. रस्त्यापलीकडे सरोज फाटकात उभी राहून हळहळत होती, तीही अगदी मनापासून.

खड्डा खणायला घेतला तसे खीमानंद मास्साब आले. ते निवृत्त गणित शिक्षक. गणित सोडून सगळ्या विषयांवर त्यांचा सल्ला फुकट मिळे.

"नोंद केलीस का, ब्वारी?" गल्लीतल्या प्रत्येक सुनेला ते ब्वारीच म्हणत.

"कसली नोंद, मास्साब? माझं अंगण, माझं झाड."

"लावायला परवानगी लागत नाही. तोडायला लागते. उद्या तोडायचा झाला तर तो तूच लावलास याचा पुरावा कुठून आणशील?"

"मला तोडायचाच नाही."

"लावताना सगळे असंच म्हणतात," मास्साब म्हणाले आणि खड्ड्यात वाकून बघितलं, जणू त्यात कुणाला तरी पुरलंय.

मास्साबांचं एक असतं, ते निघून जातात पण सल्ला मागे राहतो. रेवतीला झोप लागेना. शेवटी ती वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारून आली. विचारलं नसतं तर काही झालं नसतं. विचारलं म्हणून चारच दिवसांत वनरक्षक चौकशीला आला. त्याने बुरांशला प्रदक्षिणा घातली.

"जंगलातून उपटला?"

रेवतीने माळ्याची पावती दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'शोभेचं झुडूप, एक नग'.

"हे झुडूप नाही. हे झाड आहे."

"झाडच आहे. अजून झुडूप आहे, इतकंच."

"झुडूप असेल तर माझ्या कामात बसत नाही. झाड असेल तर पावती त्याची नाही." तो तिथेच पायरीवर बसला आणि विचारात पडला. हा माणूस आता संध्याकाळपर्यंत उठत नाही हे रेवतीला दिसलं. तेवढ्यात सरोज चहाचा ट्रे घेऊन रस्ता ओलांडून आली.

"माझ्या डोळ्यांदेखत जीपवरून उतरलाय, दाजू. जंगलातला असता तर बोकडाने खाल्ला असता का? जंगलातला बोकड तरी शहाणा असतो. कुठे सही करू?"

तिने साक्षीदार म्हणून सही केली. वनरक्षकाने दोन कप चहा घेतला आणि जाताना तिच्या फाटकातल्या बुरांशचा फोटो काढला. रेवतीच्या झाडाचा कायदेशीर जन्म असा सरोजच्या सहीने झाला. आभार मानताना रेवतीच्या तोंडाला कच्चा आवळा खाल्ल्यासारखं झालं होतं.

श्रावणात झाड सावरलं. भादोंमध्ये पानं पिवळी पडू लागली. रेवतीने वाचून काढलं होतं की बुरांशला आंबट माती लागते, म्हणून ती रोज संध्याकाळी लोटाभर ताक घालू लागली. पानं आणखी पिवळी झाली. तिने ताक वाढवलं. दृष्ट लागते यावर तिचा विश्वास नव्हता, ती शिकलेली होती. पण सरोजच्या दृष्टीवर हळूहळू बसायला लागला होता. ती समोरून जाताना "कसा आहे गं तुझा बुरांश?" असं विचारायची आणि दुसऱ्या दिवशी एक पान गळायचं. रेवतीने खिडकीचा पडदा बोटभर सरकवून पाळत ठेवली. सरोज नुसती बघायची. बघून हसायची. यातून काय अर्थ काढायचा तो काढा.

मग एका सकाळी दूध आणायला म्हणून रेवती नेहमीपेक्षा लवकर उठली. आदल्या संध्याकाळी राहून गेलेलं ताक घालावं म्हणून लोटा घेऊन बाहेर आली, तर बुरांशापाशी कुणीतरी वाकलेलं. ती दबकत पुढे झाली. आज सरोज सापडली.

सासूबाई होत्या. हातात चुलीतल्या राखेची परात.

"ईजा, हे काय?"

"राख." सासूबाई सरळ झाल्या. "दृष्ट लागलीय झाडाला. रोज मूठभर घालते, देवाचं नाव घेऊन. राखेने लसूण कसा येतो बघतेस ना."

"हा लसूण आहे का? याला आंबट माती लागते. राख घातली की आंबटपणा मरतो."

"आणि तुझ्या हातात काय आहे?"

"ताक."

दोघींनी झाडाकडे बघितलं. सकाळी सासूची राख, संध्याकाळी सुनेचं ताक. घरातली सगळी भांडणं जो मुकाट्याने सोसत होता तो कुंदनही इतका पिवळा पडला नव्हता.

"म्हणजे महिनाभर घरात ताक कमी पडत होतं ते इथे जात होतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी समजत होते, कुंदन पितो."

"मी पण राख कुठे जाते म्हणत होते."

तह झाला. राख लसणाला, ताक कुंदनला. रेवतीने वरची माती काढून टाकली, बांजाच्या झाडाखालची कुजलेली पानं पोत्याने आणून घातली, वरून चीडच्या झाडाची सुईसारखी पानं पसरली आणि मग कुणीही कशालाही हात लावायचा नाही असं ठरलं. कुणी हात लावला नाही, म्हणून झाड सुधारलं. कार्तिकात शेंड्याला एक कळी धरली. टपोरी, हिरवी, घट्ट मिटलेली. एकच.

पूसमध्ये बर्फ पडला. रेवतीने झाडाला कुंदनचं खात्याकडून मिळालेलं जाकीट घातलं, बटणं लावली आणि कळीवर त्याची लोकरी टोपी चढवली. मास्साब सकाळी फिरायला निघाले, त्यांनी लांबून झाडाला हात केला. "काय कुंदन, आज ड्यूटी नाही?" आणि उत्तर आलं नाही म्हणून जरा रागावून पुढे गेले. खरा कुंदन वडिलांची जुनी शाल पांघरून खांबावर चढला होता. त्याबद्दल खात्यात बरंच बोललं गेलं.

माघ मात्र वैशाखासारखा तापला. आणि सरोजचा बुरांश महिनाभर आधीच फुलला. साधा नाही फुलला. पान दिसेना असा. लोक थांबायचे, फोटो काढायचे, चहा प्यायचे. तन्नू शाळेतून सरळ तिकडे जायची आणि दप्तर तिथेच विसरायची. ते आणायला रेवतीला रोज जावं लागे, त्या लाल पागोट्याच्या अगदी समोरून.

"तुझी कळी कशी आहे गं?" सरोज विचारायची.

"आहे," रेवती म्हणायची. एवढ्या एका शब्दात माणूस किती खोटं बोलू शकतो हे तिला तेव्हा कळलं. कळी तशीच मिटलेली होती.

फागुन सरता सरता दुपारी गारा आल्या, बोराएवढ्या. रेवती तन्नूची शाळेची छत्री घेऊन धावली आणि झाडावर धरून उभी राहिली. स्वतःच्या डोक्यावर गारा तडतडत होत्या. कळी कोरडी होती, तिच्या टोकाला आता लाल रेघ उमटली होती. समोर सरोजच्या फाटकाशी लाल सडा पडत होता. सरोज खिडकीत उभी होती, हाताची घडी घालून, नुसती बघत.

रेवतीला आनंद झाला. मग आनंद झाल्याचं वाईट वाटलं. वाईट वाटून झाल्यावर तिने पुन्हा तपासलं, तर आनंद अजून तिथेच होता.

गारांनी खालच्या डोंगरावरचा बुरांशही झोडपला. वरच्या जंगलात होता, पण तिकडे बाघ लागल्याची बातमी होती, पोरांना कोण पाठवणार? म्हणजे या फूलदेईला सगळ्या टोपल्यांत प्योली, सरसों आणि आडूची फुलं. आणि अख्ख्या गल्लीत लाल बुरांशचा गुच्छ एकच, रेवती महराच्या अंगणात. तो फूलदेईच्या आदल्या दिवशी उमलला, बरोब्बर, जणू त्यालाही सगळं ठाऊक होतं. एका कळीतून अख्खा गुच्छ निघाला, मूठभर घंटा, रक्तासारख्या लाल.

रेवतीने उंबरठा गेरूने सारवला. तांदळाच्या पिठाने त्यावर ऐपण काढलं. सकाळी तन्नूला न्हाऊ घालून, नवा फ्रॉक चढवून अंगणात नेलं आणि म्हणाली, "तोड. तुझाच आहे."

तन्नूने दोन्ही हातांनी गुच्छ तोडला आणि टोपलीत प्योलीच्या वर ठेवला. रेवती उंबरठ्याच्या आत जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला. तांदळाची वाटी हातात होती. कुंदन मोबाईल उगारून तयार. सासूबाईही दिवाणावरून उठून आल्या.

तन्नू दारापर्यंत आली. ऐपण बघितलं. चार प्योलीची फुलं त्यावर टाकली, ऐपण पुसू नये म्हणून उडी मारून मागे सरली, वळली आणि टोपली सांभाळत फाटकातून बाहेर धावली. रस्ता ओलांडला. सरोजच्या उंबरठ्यावर तिने तो गुच्छ ठेवला, अख्खा.

कुंदनने मोबाईल खाली केला. "फोटो आला," तो हळूच म्हणाला, "पण पाठमोरा."

तांदळाची वाटी रेवतीने इतकी घट्ट धरली होती की सासूबाईंनी ती बोटं सोडवून काढून घेतली. ताक, गारा, बोकड, जाकीट, साक्षीदाराची सही, वर्षभराचं सगळं त्या उंबरठ्यावर जाऊन पडलं होतं. लोकांच्या मुली सासरी जाताना फितूर होतात. हिची सहाव्या वर्षीच.

गल्ली फिरून तन्नू परत आली तेव्हा रेवती पायरीवर बसली होती.

"तिकडे का ठेवलास गं?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला, म्हणजे फारसा राहिला नाही.

"काखीची सगळी फुलं गळली ना. तिच्या दारात काहीच नव्हतं."

"आणि आपल्या दारात?"

तन्नूने तिच्याकडे असं बघितलं, जसं मास्साब सोपं गणित चुकणाऱ्याकडे बघायचे. "आपल्या दारात तू होतीस ना."

एवढं सांगून, गुळाचा खडा गालात सरकवून ती पुन्हा समोर पळाली.

रेवतीचे डोळे भरून आले. ते तसेच राहिले असते तर बरं झालं असतं. पण ती खिडकीत गेली आणि तिला दिसलं की सरोजने तो गुच्छ स्टीलच्या ग्लासात पाणी घालून फाटकाच्या खांबावर ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आणि मास्साब थांबलेत.

"सरोज, गारा पडून गेल्या, तरी तुझाच बुरांश पहिला."

रेवती चपला न घालता फाटकापर्यंत पोहोचली.

"माझा कुठला?" सरोज म्हणत होती. "रेवतीच्या अंगणातला आहे. मला सोळा वर्षांत असा लाल नाही जमला. बघा ना, रंग बघा." मग तिने जो जो वाटेने आला त्याला तेच सांगितलं, नाव घेऊन, बोट दाखवून. दूधवाल्याला सांगितलं. शाळेच्या बाईंना सांगितलं. लोक रस्त्यापलीकडे वळून रेवतीच्या अंगणाकडे बघू लागले, आणि या वेळी घरच्यांची कीव करण्यासाठी नव्हे.

रेवती फाटकात अनवाणी उभी होती, तोंडावर तयार ठेवलेलं भांडण घेऊन, आणि ते ठेवायला कुठे जागा नव्हती. वर्षभर तिने जे मागितलं ते सगळं सरोजने एका सकाळी वाटून टाकलं होतं. या बाईविरुद्ध आता उरलंच काय?

एकच उरलं होतं. तन्नू सरोजच्या पायरीवर बसून पाय हलवत होती, सरोजच्या अगदी शेजारी.

रेवतीने रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत ती या पायरीपर्यंत फक्त दप्तर न्यायला आली होती. "थोडी सरक," ती तन्नूला म्हणाली आणि बसली. सरोज आत जाऊन तिसरा कप घेऊन आली, पलीकडे बसली, आणि तन्नू दोघींच्या मध्ये आली. चहा चांगला होता. अर्थात चांगलाच असणार.

"पुढच्या साली माझ्या झाडाला काय घालू सांगशील का?" सरोजने विचारलं.

"सांगेन," रेवती म्हणाली. "बसून सांगावं लागेल, लांबलचक आहे."

ऊन वर आलं. तन्नू पेंगुळली आणि तिचं डोकं हळूहळू एका बाजूला झुकू लागलं. रेवतीने चहाच्या कपाआडून तिरक्या नजरेने पाहून घेतलं. आपल्याच बाजूला. तिने खांदा जरा खाली केला आणि तासभर हलली नाही, मुंग्या आल्या तरी.

सरोजच्या बाजूला ऊन होतं आणि रेवतीच्या बाजूला सावली, म्हणून पोरगी तिकडे कलली, असं कुंदनने नंतर समजावून सांगितलं. त्याला त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं, आणि ताक मिळालंच नाही.